लवकर निदान, लवकर उपचार : खर्च कोण उचलतो?

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी उभे राहून सरळ प्रश्न विचारला : एच.आय.व्ही.ची चाचणी सरकार मोफत करते, औषधेही मोफत देते. मग न्यासाच्या जमाखर्चात ‘एच.आय.व्ही. रुग्णसाहाय्य’ या नावाची खर्चाची ओळ कशासाठी? सभेच्या घाईत त्यांना दिले गेलेले उत्तर अपुरे होते. असाच प्रश्न रुग्णांचे नातेवाईकही वेगळ्या शब्दांत विचारतात. ‘सगळे फुकट आहे म्हणता, मग आमचे पैसे जातात कुठे?’ या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असल्याने ते या अहवालात सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरविले.

प्रथम हे सांगितले पाहिजे की देणगीदारांचे म्हणणे खोटे नाही. एच.आय.व्ही.वरील औषधांसाठी आमच्या न्यासाला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. ही गोष्ट आज सहज वाटते. पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. भारतात १९८६ मध्ये या विषाणूची पहिली नोंद झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे आपण जिला ‘नॅको’ म्हणतो ती, स्थापन झाली आणि जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जसाहाय्याने राष्ट्रीय कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्या पैशांतून प्रचार झाला, रक्तपेढ्या सुधारल्या. पण आजारी माणसाला द्यायला औषध नव्हते. औषध जगात होते, मात्र त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने जमीन विकली तरी ते वर्षभर पुरले नसते, आणि ते तर जन्मभर घ्यायचे होते. २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीने एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवाभावी संस्थेला तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरमध्ये देऊ केला, आणि सरकारांना हा खर्च झेपेल अशी आशा प्रथमच निर्माण झाली.

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने मोफत ए.आर.टी. देण्यास प्रारंभ केला. आरंभी देशभरात अवघी आठ रुग्णालये होती. मुंबईचे सर ज. जी. रुग्णालय त्यांपैकी एक. नगरहून मुंबईला रात्रीच्या एस.टी.ने जायचे, सकाळी रांगेत उभे राहायचे, आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन परतायचे, असे दिवस आमच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी पाहिले आहेत. पुढे केंद्रे वाढली. आपल्या जिल्ह्यात नगरचे जिल्हा रुग्णालय आणि लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय येथे ती झाली. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या, चौदा तालुक्यांच्या जिल्ह्याच्या मानाने ही संख्या थोडी असली, तरी मुंबईच्या फेऱ्या संपल्या.

पैसा कसा येतो

बरेच लोक समजतात की सरकार रुग्णालयाला प्रत्येक रुग्णामागे ठरावीक रक्कम देते. तसे नाही. महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचे दर ठरलेले असतात आणि रुग्णालय दावा दाखल करून रक्कम मिळवते; एच.आय.व्ही.च्या कार्यक्रमाची घडण वेगळी आहे. येथे बिल नाही आणि दावाही नाही. सरकार वस्तू देते आणि माणसांचे मानधन देते.

औषधे व चाचणीचे संच नॅको मध्यवर्ती पातळीवर खरेदी करते आणि ते राज्यांमार्फत केंद्रांपर्यंत पोचतात. रोख रक्कम केंद्र शासनाकडून महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे येते. ही शासनाने १९९८ मध्ये उभारलेली नोंदणीकृत संस्था आहे, आणि असे वेगळे रूप देण्याचा हेतूच हा होता की निधी राज्याच्या कोषागारात न अडकता थेट कामापर्यंत जावा. राज्य संस्था दरवर्षी कृती आराखडा तयार करते, तो मंजूर होतो, हप्ता येतो, विनियोग प्रमाणपत्र गेले की पुढचा हप्ता येतो. जिल्ह्यात या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे २००७ नंतर, जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथके आली; पाचव्या टप्प्यात त्यांची पुनर्रचना झाली आहे. ए.आर.टी. केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माता, माहिती नोंदविणारा कर्मचारी यांचे मानधन याच वाटेने येते. ही पदे कंत्राटी आहेत. हप्ता लांबला की मानधन लांबते, चांगला समुपदेशक दुसरी नोकरी पाहतो, आणि रुग्णाला आपली कर्मकहाणी पुन्हा एका नव्या माणसासमोर पहिल्यापासून सांगावी लागते. हा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

परदेशी साहाय्याविषयीही विचारणा होते. २००२ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक निधीने आपल्याकडे माता-बालक संक्रमण प्रतिबंध व ए.आर.टी. यांच्या विस्ताराला मोठा हातभार लावला. मात्र काळाच्या ओघात भार देशाच्या स्वतःच्या तिजोरीवर आला. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि ती योजना पूर्णपणे केंद्राच्या निधीतून चालविण्याचे ठरविले. याचे महत्त्व २०२५ च्या जानेवारीत कळून आले. अमेरिकेने आपले परदेशी साहाय्य एकाएकी थांबविले तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांत दवाखाने बंद पडले. आपल्या जिल्ह्यातील रुग्णाची गोळी मात्र त्यामुळे थांबली नाही. आपल्याकडील पुरवठा कधीच खंडित झाला नाही, असे मात्र नाही. २०२२ मध्ये काही औषधांचा तुटवडा पडला आणि रुग्णांच्या प्रतिनिधींनी दिल्लीत नॅकोच्या कार्यालयापुढे महिनाभराहून अधिक काळ धरणे धरले होते.

‘लवकर’ या शब्दाची किंमत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या रोगात ‘लवकर’ म्हणजे केव्हा, याची सरकारी व्याख्या वीस वर्षांत अनेकदा बदलली, आणि ती जसजशी बदलली तसतसा खर्चाचा भार एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.

शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सी.डी.४ नावाच्या पेशी असतात. निरोगी माणसात त्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणपणे ५०० हून अधिक असतात. विषाणू त्यांचा हळूहळू नाश करतो. २००४ मध्ये औषधे महाग होती, साठा थोडा होता, म्हणून ज्यांच्या पेशी २०० च्या खाली गेल्या किंवा जे गंभीर आजारी झाले त्यांनाच औषध सुरू होई. नंतर ही मर्यादा ३५० वर आणि पुढे ५०० वर गेली. ज्यांची संख्या मर्यादेच्या वर असे, त्यांचे नाव उपचारपूर्व नोंदवहीत लिहिले जाई आणि ‘सहा महिन्यांनी तपासणीला या’ असे सांगितले जाई. त्या सहा महिन्यांत त्यांना देण्यासाठी कार्यक्रमाकडे फारसे काही नव्हते. ज्याला काही होत नाही, ज्याच्या हाती गोळी नाही, त्या माणसाने एक दिवसाची मजुरी बुडवून नगरला कशासाठी यावे? अनेक जण आलेच नाहीत.

त्यातील एकीची हकीकत आम्ही विसरू शकत नाही. ओळख पटू नये म्हणून गाव व काही तपशील बदलून सांगतो. २०१३ च्या सुमारास जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एक तरुण विधवा आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली. चाचणीत दोष आढळला. पेशींची संख्या त्यावेळच्या मर्यादेच्या किंचित वर होती. नियमाप्रमाणे नाव नोंदले गेले, तारीख दिली गेली. दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडायला ती दिराच्या कोयत्यावर ऊसतोडीला गेली. दोन गळीत हंगाम उलटले आणि ती आमच्याकडे आली ती सासूच्या खांद्यावर मान टाकून. क्षयरोग दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. तिला आम्ही तीन आठवडे दाखल करून घेतले. प्राणवायू, सलाईन, रक्त, क्ष-किरण तपासण्या, तिचे व सासूचे जेवण हा सगळा खर्च न्यासाने केला. क्षयरोगाची व एच.आय.व्ही.ची औषधे शासनाने दिली. ती वाचली. पण फुप्फुस पूर्वीचे राहिले नाही, आणि कोयता तिच्या हातात पुन्हा आला नाही. लवकर उपचारासाठी जो खर्च तेव्हा कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता, तो अनेक पटींनी वाढून एका खाटेवर, एका कुटुंबावर आणि आपल्या देणगीवर येऊन पडला.

तिच्याच बाबतीत नियम चुकला असे म्हणता येणार नाही. उपलब्ध ज्ञान व साठा यांनुसार तो नियम होता. ज्ञानच पुढे गेले. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवून दिले की लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो. पुण्याची तत्कालीन राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्या अभ्यासात सहभागी होती, हे आपल्यासाठी अभिमानाचे आहे. २०१५ मध्ये दुसऱ्या अभ्यासाने सिद्ध केले की पेशी ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केले तर गंभीर आजार व मृत्यू यांचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ‘निदान होताच उपचार’ ही शिफारस केली आणि एप्रिल २०१७ मध्ये भारताने ती स्वीकारली. तेव्हापासून पेशी कितीही असोत, निदान झाले की औषध सुरू होते. उपचारपूर्व नोंदवहीचे प्रयोजन संपले.

आज नव्याने निदान झालेल्या व्यक्तीला शासकीय कार्यक्रमातून काय मिळते, ते कुटुंबीयांच्या माहितीसाठी सांगतो. एकाच नमुन्यावर वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्या, समुपदेशन, सी.डी.४ तपासणी, रक्ताच्या प्राथमिक तपासण्या, क्षयरोगाची चाळणी आणि तो नसल्यास त्याचा प्रतिबंधक औषधोपचार, आणि बहुतेक प्रौढांना दिवसातून एकच गोळी. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे त्या एका गोळीत असतात. रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्याची महागडी तपासणीही २०१८ पासून नियमितपणे मोफत होते. गर्भवती स्त्रीला २०१४ पासून आजन्म उपचार लागू आहेत, आणि तिच्या बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यातच टाचेच्या रक्ताच्या वाळविलेल्या थेंबावर करता येते.

या सेवा म्हणजे केवळ कृपा नव्हे, तिला कायद्याचा आधारही आहे. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. निदान, ए.आर.टी. आणि संधिसाधू आजारांवरील उपचार यांची सोय करण्याचे कर्तव्य त्याने शासनावर टाकले. मात्र त्या कलमात ‘शक्य होईल तितके’ असे शब्द घातले आहेत. रुग्णांच्या संघटनांनी त्या शब्दांना विरोध केला होता. आम्हालाही ते शब्द खटकतात, कारण रात्री अकराला दाखल झालेल्या मेंदूज्वराच्या रुग्णाच्या बाबतीत ‘शक्य’ काय हे शेवटी खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरलाच ठरवावे लागते.

आमचा भाग आणि आमची एक चूक

आमचे रुग्णालय ए.आर.टी. केंद्र नाही. शासन व खाजगी संस्था यांच्या भागीदारीतील समुपदेशन व चाचणी केंद्र आमच्याकडे आहे. या व्यवस्थेत चाचणीचे संच व प्रशिक्षण शासन देते. जागा, परिचारिका व तंत्रज्ञ यांचा खर्च आम्ही करतो. आमच्याकडे प्राथमिक चाचणी होते. दोष आढळल्यास खात्रीच्या चाचण्यांसाठी रुग्णाला शासकीय एकात्मिक केंद्रात पाठवावे लागते.

संच फुकटचे असताना काही वर्षांपूर्वी आमच्याच देयक खिडकीवर गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांच्या एकत्रित शुल्कात एच.आय.व्ही. चाचणीचे पैसे आकारले जात होते. संगणकातील जुना दर कोणी काढलाच नव्हता. अंतर्गत लेखापरीक्षणात हे उघड झाले. ज्यांचे पत्ते मिळाले त्यांचे पैसे परत केले. उरलेली रक्कम रुग्णसाहाय्य निधीत जमा केली. विश्वस्तांना ही बाब अहवालात नको असे वाटले असते तर नवल नव्हते. त्यांनीच ती लिहावी असा आग्रह धरला.

आता देणगीदारांच्या प्रश्नाचे नेमके उत्तर. प्राथमिक चाचणीत दोष आढळणे आणि पहिली गोळी पोटात जाणे या दोन घटनांमधील अंतर कार्यक्रमाच्या कोणत्याही ओळीत पुरेसे धरलेले नाही. शासन संच देते, गोळी देते; संचापासून गोळीपर्यंत माणसाला नेण्याचे भाडे देत नाही. जामखेडहून किंवा अकोल्याच्या डोंगरातून नगरला अथवा लोणीला जायचे म्हणजे दिवस जातो, आणि पहिल्या महिन्यात एकाहून अधिक फेऱ्या होतात. म्हणून आमची परिचारिका पहिल्या फेरीला रुग्णासोबत जाते. तिचा दिवसाचा पगार, दोघांचे एस.टी.चे भाडे, दुपारचे जेवण हा त्या ओळीतील पहिला खर्च. दुसरा, कार्यक्रमात न बसणाऱ्या तपासण्या व इतर आजारांची औषधे. तिसरा, आणि रकमेने सर्वांत मोठा, आंतररुग्ण विभागातील खाट. जनआरोग्य योजनेत बसणारा आजार असेल तर आम्ही प्रथम तेथेच दावा करतो. न बसणारा असेल तरच निधीला हात लावतो.

या पद्धतीला जगात एक चांगले उदाहरण आहे. अमेरिकेत १९९० मध्ये रायन व्हाइट या अठरा वर्षे वयाच्या मुलाच्या निधनानंतर त्याच्या नावाने कायदा झाला. शाळेने या आजारामुळे त्याला दार बंद केले होते. त्या कायद्यातील एक भाग खास लवकर उपचारांसाठी दवाखान्यांना थेट अनुदान देतो आणि त्यातील किमान ७५ टक्के रक्कम मूळ वैद्यकीय सेवांवरच खर्चावी असे बंधन घालतो. शिवाय तो निधी ‘अखेरचा दाता’ मानला जातो : विमा, दुसरी योजना, सर्व दारे ठोठावून झाल्यावरच तो उघडायचा. आपल्या रुग्णसाहाय्य निधीची शिस्तही तीच आहे. आमच्या समाजसेविका आधी इतर दारे ठोठावतात. एस.टी.ची प्रवाससवलत, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहाचे साहाय्य, पालक बाधित असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना, यांपैकी जे मिळण्याजोगे असेल त्याचे अर्ज त्या भरून देतात. अनाथ झालेल्या मुलांसाठी आपल्या जिल्ह्याला फार शोधावे लागत नाही; गिरीश कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नगरमध्ये सुरू केलेल्या ‘स्नेहालय’चे काम सर्वांना ठाऊक आहे.

येथे एक अडचण मोकळेपणाने सांगतो. अर्ज म्हटला की तहसील कचेरी आली, दाखला आला, आणि दाखल्यावर आजाराचे नाव आले. गावात बातमी फुटण्याच्या भीतीने हक्काचे अनुदान सोडून देणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्यांना आग्रह करणे आम्ही थांबविले. त्यांचा भार निधीवर येतो आणि तो येणे आम्हाला रास्त वाटते. याच कारणाने या निधीतून साहाय्य घेणाऱ्यांची नावे विश्वस्तांच्या सभेतही वाचली जात नाहीत, केवळ नोंदणी क्रमांक वाचले जातात. आणि देणगीदारांनी लाभार्थींना भेटण्याची इच्छा व्यक्त केल्यास आम्ही ती नम्रपणे नाकारतो. संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याचीही मनाई आहे.

दसऱ्याच्या आधीचे दोन आठवडे आमच्या समुपदेशन कक्षाला सर्वांत अधिक काम असते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील टोळ्या तेव्हा बाहेर पडण्याच्या तयारीत असतात; कोणी कोपरगाव-संगमनेरकडे, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी थेट कर्नाटकात. प्रकृती स्थिर असलेल्यांना ए.आर.टी. केंद्रातून एका वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, पण त्यासाठी विषाणूंच्या प्रमाणाचा अहवाल वेळेत हाती हवा. म्हणून भाद्रपदातच ज्यांची तपासणी बाकी आहे अशांची यादी काढून त्यांना नगरला किंवा लोणीला पाठविले जाते. ज्या कारखान्यावर टोळी जाणार त्याच्या जवळच्या ए.आर.टी. केंद्राचा पत्ता हिरव्या पुस्तिकेत लिहून दिला जातो. पुस्तिका भिजू नये म्हणून तिला घालायची जाड प्लॅस्टिकची पिशवी न्यास देतो. जमाखर्चात तिची नोंद किरकोळ खर्चात आहे.